एंगेज

मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून
भाचा आणतो ते इंजेक्शन मेडिकल चौकातून,
स्कूटीवर दोन घोट्यांच्या मधे धरून,
जसा काही आत जिवंत मासा आहे.
फ्रिजमध्ये संत्रा बर्फीच्या शेजारी त्याची जागा.
लाईट गेली की आधी त्याची आठवण येते,
मग पंख्याची.

माझी बोटं मला ओळखेनाशी झाली.
सकाळी पोळपाटाशी बसावं तर सांधे लाल, फुगलेले, गरम,
कुलरच्या ओल्या ताटीवर टेकवले तरी ताटीच वाळते.
हीच बोटं एकोणीस वर्षं ट्रंक बोर्डावर होती, बाप्पा.
अकोला द्या. बल्लारशा द्या. इटारसी, अर्जंट.
दोरी उचल, जॅकमध्ये खुपस, किल्ली ओढ,
बोला, नागपूर.

ओपीडीतली डॉक्टर काझी, पोरगीच आहे,
केसपेपरच्या मागे चित्र काढते:
ही पेशी. हिच्या अंगावर हे रिसेप्टर.
मला ऐकू आलं, रिसीव्हर.
ती हसली. म्हणाली, चालेल काकू, रिसीव्हरच समजा.
तुमच्याच रक्तातून कुणीतरी
रात्रंदिवस फोन करून राहिलं, आग लागली, आग लागली.
आग कुठेच नाही.
पण पेशी इमानदार, प्रत्येक कॉलला बंब पाठवते,
आणि बंबाच्या पाण्यानंच भिंत खचते.

मग त्या फोन करणाऱ्यालाच काहून धरत नाही? मी विचारलं.
त्याला करू द्या, ती म्हणाली.
आपण फक्त त्याच्या जॅकमध्ये
आपली एक दोरी आधीच खुपसून ठेवायची.
पलीकडे कोणी नसलेली.

हे मला कुणी समजावून सांगायला नको.

परासियाच्या खाणीतला एक टाइमकीपर
रोज रात्री दीडला, पिऊन,
इतवारीतल्या एका नंबरावर बायको मागायचा.
ती बाई स्वतः येऊन सांगून गेली होती,
एक्स्चेंजच्या फाटकाशी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत:
ताई, देऊ नका.
मी देत नसे. एंगेज आहे, म्हणायची.
दोन महिने. दिवा लागायचा,
मी स्वेटरची बाही विणत राहायची.

एका रात्री तो प्यालेला नव्हता.
आवाज सरळ होता, टाके मोजल्यासारखा.
बाई, आमचा मुलगा,
एवढंच म्हणाला.
एंगेज आहे, मी म्हटलं.
बाहीवरचे टाके सुटू नयेत म्हणून
मान वर न करता.

पुढच्या रात्री दिवा लागला नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
नंतर मी इतवारीचा रस्ता सोडून
गांधीबागेवरून घरी जायला लागले, लांब पडतो तरी.

म्हणून डॉक्टरला विचारलं, खरीच आग लागली तर?
तिनं पेन खाली ठेवलं.
तीच तर अडचण, काकू.
ताप नीट चढणार नाही. रिपोर्ट साळसूद येईल.
पायाला काटा रुतला तरी सांगायचं,
खोकला आठवडाभर राहिला तरी.
त्याच्यासाठीच छातीचा फोटो काढला,
त्याच्यासाठीच टीबीची तपासणी.
मी मान हलवली. तिला वाटलं, घाबरली.

आता दर दुसऱ्या गुरुवारी
पोटाची चिमूट धरून भाचा सुई देतो, मी भिंतीकडे बघते.
तिसऱ्या महिन्यात ब्लाउजचा हूक एका हातानं लागला.
त्या दिवशी वडाभात केला, चार घरी पाठवला,
शेजारच्या निमजेबाई म्हणाल्या, हिंग कमी पडला.
पडला असेल. वाटण मी हातानं केलं होतं.

रात्री दीडला मात्र अजून जाग येते.
अंधारातच एकेक तळपाय मांडीवर घेते,
चाचपते, कुठे चीर, कुठे फोड.
मग कपाळाला हाताची मागची बाजू लावते.
थंड आहे.
थंडच लागणार.
म्हणून पुन्हा लावते.